मनगटापर्यंतचं प्लास्टर

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे पांढरा कोट घातलेला कुणीही दिसला की लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणतात, आणि तो मान मीही बरीच वर्षं काही न बोलता घेत आलो. माझं काम प्लास्टर घालण्याचं. चंद्रपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत माझी सगळी नोकरी गेली. एक लोखंडी टेबल, एक स्टूल, दोन बादल्या आणि फरशीवर कायमचा पांढरा चिखल. रजिस्टरमध्ये माझं पद मोठं भारदस्त होतं, लोकांच्या तोंडी मात्र मी ‘पिलास्तरभाऊ’. अजूनही बाजारात भाजी घेताना कुणीतरी मागून हाक मारतं आणि भर रस्त्यात पँट वर करून पाय दाखवतं. “पाहा भाऊ, तुमी बांधलेला. चालून राह्यलो ना बराबर!” मी वाकून पाय दाबून पाहतो. बरं वाटतं. भाजीवाली तोवर वैतागलेली असते.

बाहेरच्यांना वाटतं, पट्टी पाण्यात बुडवली, पिळली, गुंडाळली की झालं प्लास्टर. तेवढंच असतं तर कुणीही केलं असतं. खरं काम आहे ते पट्टी गुंडाळल्यानंतरच्या चार-पाच मिनिटांचं. ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, रोगी ओरडतो, “भाऊ, भाजून राह्यलं!”, त्याचे नातेवाईक आत घुसतात, आणि तेवढा वेळ तुम्ही आतलं हाड तळहातांनी जिथल्या तिथे धरून ठेवायचं असतं. बोटांनी नाही, तळहातांनी. बोटांनी दाबलं तर प्लास्टरला खड्डा पडतो आणि तो खड्डा आत कातडीला टोचत राहतो. हाड जुळवायचं कसं ते डॉक्टर सांगतो, पण त्या चार मिनिटांत तुमचा हात हलला तर डॉक्टरची विद्या पाण्यात. माझा हात हलत नसे. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

सगळ्यांत फसवं हाड कोणतं म्हणाल, तर अंगठ्याच्या बुडाचं. मनगटाजवळ जिथे अंगठा हाताला जोडलेला असतो, तिथे एक सांधा आहे. गाडीवरून पडताना माणूस हात टेकतो, अंगठा मागे मुरगळतो आणि त्या सांध्यातच हाडाचा एक लहान तुकडा फुटतो. तुकडा आपला जागेवर राहतो आणि उरलेलं अख्खं हाड एका जाड शिरेच्या ओढीनं बाजूला सरकतं. गंमत अशी की बाहेरून फारसं काही दिसत नाही. थोडी सूज, थोडं निळं. लोक म्हणतात, अंगठाच तर आहे, हळद लावू. पण अंगठा म्हणजे अर्धा हात. मिठाची चिमूट घ्या, सुईत दोरा ओवा, धानाचं रोप चिखलात रोवा, कुलपात किल्ली फिरवा, सगळीकडे तोच. ते सरकलेलं हाड ओढून जागेवर आणायचं, बुडाशी दाबून धरायचं आणि अंगठ्यापासून थेट कोपराच्या खालपर्यंत प्लास्टर घालायचं. मनगट हललं की हाड पुन्हा सरकतं, म्हणून लांब प्लास्टर. बरेचदा तेवढ्यानंही भागत नाही, मग आतून बारीक तार टाकून हाड अडकवावं लागतं. आता आमच्या जिल्ह्यातच तार टाकतात. तेव्हा हाडांचे मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, नाहीतर नागपूर.

सहा आठवडे ते प्लास्टर सांभाळणं हे लोकांना काही जमत नसे. घुग्घुसच्या खाणीतला एक जण दुसऱ्याच आठवड्यात आला. तळहाताकडचं प्लास्टर त्यानं लोखंड कापायच्या करवतीनं घरीच कापून टाकलेलं. का, तर मोटरसायकलची मूठ धरता येत नव्हती आणि पहिली पाळी सकाळी सहाची. “बाकी सारं तसंच ठेवलं ना भाऊ,” तो मला समजावत होता. सिरोंच्याच्या एका मासे धरणाऱ्याला मी माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत, हातवारे करकरून, पाणी नको, पाणी नको असं दहादा बजावलं. त्यानंही दहादा मान डोलावली. पंधरा दिवसांनी आला तेव्हा खोलीत त्याच्या आधी त्याच्या प्लास्टरचा वास शिरला. गोदावरीत उतरताना तो हात त्यानं म्हणे डोक्यावर धरला होता, पण मासा मोठा लागला.

दोघांनाही मी असं झापलं की एक्स-रेवाला उठून पाहायला आला. सांगितलेलं न ऐकणाऱ्या माणसाला मी कधी माफ केलं नाही. आणि म्हणूनच आता पार्बताबाईचं सांगायला हवं, कारण तिथे न ऐकणारा मी होतो.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, धान कापणीला आलं होतं. पार्बता आणि तिचा नवरा मारोती, सिंदेवाहीच्या पुढच्या एका तलावाकाठच्या गावचे, भाचीचं लग्न आटोपून मोटरसायकलवरून घरी चालले होते. भर दुपारी रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं. मारोती डोक्यावर पडला. पार्बता मागून उडाली आणि उजव्या हातावर आली. मारोतीला बेशुद्ध अवस्थेत वरच्या वॉर्डात नेलं आणि पार्बता एक्स-रेची फिल्म घेऊन माझ्या खोलीत आली. पस्तिशीची असेल. लुगड्याला रक्त लागलेलं, ते नवऱ्याचं. तिचा स्वतःचा अंगठा बुडाशी चांगलाच सुजला होता.

ड्यूटीवरचा डॉक्टर नवा मुलगा होता, पण हुशार. फिल्म उजेडात धरून म्हणाला, “सरकलंय. बांगड्या काढा, नीट ओढून पूर्ण प्लास्टर घाला. परवा मोठे सर आले की तार टाकू.” एवढ्यात वरून नर्स धावत आली, मारोतीला झटके येत होते. डॉक्टर तसाच जिन्याकडे पळाला. माझ्यावर सोपवून जायला त्याला काही वाटलं नाही, आणि माझीही काही ना नव्हती. असे अंगठे मी पुष्कळ बांधले होते.

तिच्या दोन्ही हातांत भाचीच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा होता. नवाकोरा, हाताला घट्ट.

“बाई, बांगड्या काढावं लागतीन,” मी म्हणालो.

“कशा निघतीन? हात त एवढा सुजला.”

तिचं बरोबर होतं. काचेची बांगडी निघते ती अंगठ्याचं बूड दाबून, आणि मोडलं होतं नेमकं तेच. “फोडावं लागतीन मंग,” मी म्हणालो. फडक्यात धरून चिमट्यानं एकेक बांगडी तडकवायची, दोन मिनिटांचं काम. रोज करत होतो. मी फडकं उचललं.

तिनं हात छातीशी ओढून घेतला. केवढं दुखलं असेल, पण तोंडातून हूं नाही.

“नाई.”

“अवो बाई, बांगड्या हातापेक्षा मोठ्या हायेत का? उद्या दुसऱ्या भरान.”

“भाऊ, वर ते आडवे पडून हायेत. डोये उघडून नाई राह्यले. अन् मी इथी खाली बसून बांगड्या फोडू?” ती माझ्याकडे पाहत होती. “तुमच्या घरच्या बाईच्या फोडल्या असत्या का तुमी? आज?”

त्याच दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर, त्याच्या आदल्या वर्षी, माझ्या धाकट्या बहिणीच्या बांगड्या फोडलेल्या मी पाहिल्या होत्या. माझा मेव्हणा वरच्याच वॉर्डात गेला होता. ते आठवलं आणि माझ्या हातातलं फडकं खाली गेलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब शोधायला मला पुढे पुष्कळ वेळ मिळाला आणि एकही टिकली नाही. जे घडलं ते सांगतो आहे.

मी कापूस घालून सगळ्या बांगड्या मनगटाच्या वर, कोपराकडे सरकवल्या. प्लास्टर पूर्ण घातलं असतं तर त्या आत दबल्या असत्या, हात सुजला की काच रुतली असती. म्हणून मी प्लास्टर मनगटाशीच थांबवलं. अंगठा ओढला, बूड दाबून धरलं, चार मिनिटं हात हलू दिला नाही. वरून पाहणाऱ्याला काम झकास दिसत होतं. मनाशी म्हणालो, परवा मोठे सर येतील, तोवर सूज उतरेल, साबण लावून बांगड्या अलगद काढू आणि मग पूर्ण घालू. दोन दिवसांनी काय होतंय?

मनगट मोकळं राहिलं की काय होतं, ते मला त्या नव्या डॉक्टरपेक्षा चांगलं माहीत होतं.

काय केलं ते रोग्याच्या कागदावर लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘प्लास्टर, कोपराखालपर्यंत.’ खरं लिहिलं असतं तर प्रश्न आला असता, प्रश्न आला असता तर बांगड्या गेल्या असत्या. संध्याकाळी डॉक्टरनं विचारलंही, “पूर्ण घातलंत ना?” मी म्हणालो, “हो सर.” त्याचा माझ्यावर विश्वास होता. तो विश्वास मीच इतक्या वर्षांत कमावलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतीला नागपूरला हलवायचं ठरलं. अॅम्ब्युलन्स फाटकात उभी होती आणि पार्बता त्याच्या पायाशी बसली होती, प्लास्टरचा हात पदराखाली. मी खिडकीतून पाहत होतो. आताही वेळ होती. जाऊन डॉक्टरला सांगायला हवं होतं, निदान कागदावर एक ओळ बदलायला हवी होती. मी बाहेर गेलो आणि तिला म्हणालो, “तिथी कोणाले तरी अंगठा दाखवजा बरं का.” ती “हो” म्हणाली. तिचं सारं लक्ष आत होतं. गाडी निघून गेली.

नागपुरात काय झालं ते मला नंतर कळलं. एका डॉक्टरनं तिला विचारलं, कागद पाहिला. कागदावर प्लास्टर कोपराखालपर्यंत झाल्याचं लिहिलं होतं आणि हात पदराखाली होता. नवरा मरणाच्या दारात, बाईच्या अंगठ्याचं काम झालेलं. तो पुढे गेला. त्याचं काय चुकलं? एका सरकारी कामगारानं लिहिलेल्या ओळीवर त्यानं विश्वास ठेवला.

सात आठवड्यांनी ती आली, तेव्हा मारोती तिच्यासोबत पायांनी चालत आला होता. डोक्यावरच्या टाक्यांच्या जागी केस नुकते उगवत होते. तो माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला मधेच धरलं. पार्बताच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझीच नजर खाली गेली. चुडा तसाच्या तसा होता, एकही बांगडी कमी नाही.

“माह्या बांगड्याईनं वाचवलं याईले,” ती म्हणाली. “अन् बांगड्या ठेवल्या तुमी.”

मी यंत्रानं प्लास्टर कापलं. मनगटाशी ते सैल होऊन झिजलेलं होतं. आत अंगठ्याच्या बुडाशी सुपारीएवढा उंचवटा. हाड सरकलेल्या जागीच जुळलं होतं. मी तिला म्हणालो, अंगठा करंगळीला लावून दाखव. तो तर्जनीपर्यंत आला आणि थांबला. तिला वाटलं, आताच सुटला आहे, होईल हळूहळू. मला माहीत होतं, होणार नाही. प्लास्टरचे तुकडे मी उचलून पिंपात टाकले आणि झाकण लावलं. ते मी घाईघाईनं केलं, हेही लिहून ठेवतो.

त्या दिवशी मोठे डॉक्टर आलेले होते. त्यांनी नवी फिल्म पाहिली, जुना कागद पाहिला आणि चिडले. “पूर्ण प्लास्टर असून हे असं? बाई, घरी कापलंस ना तू? खरं सांग.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “या लोकांना सांगून काही उपयोग नसतो.” घुग्घुसवाल्याला झापताना मीही असंच बोललो होतो.

पार्बतानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो.

“हो साहेब,” ती म्हणाली. “काम होत नव्हतं. म्या कापलं.”

मला बोलायला हवं होतं. त्या खोलीत आम्ही चौघं होतो आणि बोलणं फक्त माझं बाकी होतं. नोकरी गेली नसती. फार तर एक मेमो आला असता, मोठ्या डॉक्टरांनी दोन शब्द सुनावले असते, नर्सांमध्ये कुजबुज झाली असती. एवढ्याला मी भ्यालो. माझा हात हलत नाही हे जे नाव झालं होतं, ते मला तिच्या अंगठ्याहून मोठं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, नागपुरात ऑपरेशन करून पाहता येईल, पण खात्री नाही. मारोती लगेच तयार झाला. पार्बता म्हणाली, “आताच त नागपूरहून आलो. आता नाई जात मी.”

मग मी तिला व्यायाम शिकवले. अपराधी माणूस फार मन लावून शिकवतो. कोमट पाण्यात हात ठेवायचा, अंगठा एकेका बोटाला लावायचा, मळलेल्या कणकेचा गोळा दाबायचा, अंगठा आणि तर्जनीमधली जागा आवळत जाते ती ताणून धरायची. ती चार वेळा आली, प्रत्येक वेळी दोन बस बदलून. चौथ्यांदा अंगठा मधल्या बोटाच्या टोकाला कसाबसा टेकला. त्यापुढे गेला नाही. रोवणीला तिनं जाऊन पाहिलं म्हणे, दोन दिवसांत परत आली. रोप चिखलात दाबायला अंगठ्याचा जोर लागतो, आणि दाबलं की बुडातून कळ कोपरापर्यंत जायची. मासे धरायचं जाळं विणायचं तर दोऱ्याची गाठ अंगठ्यानंच धरावी लागते. गावात तिच्याइतकं बारीक जाळं कुणी विणत नसे, हे मला मारोतीनं सांगितलं, कौतुकानं.

पुढच्या उन्हाळ्यात अशीच एक बाई आली. मनगट मोडलेलं, हातभर बांगड्या, सासू दारात उभी. सासूचंच म्हणणं पडलं की बांगड्या फोडायच्या नाहीत. यावेळी मी फडकं घेऊन अडून बसलो. आवाज वाढला. तेवढ्यात झाडूवाली बाई गुपचूप बाहेर गेली आणि फाटकासमोरच्या रजियाबीला घेऊन आली. रजियाबीचं बांगड्यांचं दुकान. तिच्या दुकानावरून मी रोज दोनदा चहाला जायचो, रामराम व्हायचा, तेवढीच ओळख.

रजियाबी स्टुलावर बसली, सासूशी दोन वाक्यं बोलली, आणि मोडक्या हातातल्या बांगड्या एकेक करून कापडात तडकवून उतरवल्या. लगेच पिशवीतून नव्या काढून दुसऱ्या हातात भरल्या. सासू दारातून बाजूला झाली. सून तर हसली.

मी चकित होऊन विचारलं, “हे कसं चाललं याईले?”

“काऊन नाई चालत?” रजियाबी म्हणाली. “आमच्या हातानं निघाली त तिले फुटली नाई म्हनत भाऊ. मी जुनी उतरवली, नवी चढवली. बाई सवाशीनच राह्यली. तुमी चिमट्यानं फोडता त ते फोडनं होते. इतनी सी बात. मले आवाज द्याचा होता.”

मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. पन्नास पावलं असतील माझ्या खोलीपासून तिच्या दुकानापर्यंत. इतकी वर्षं बायकांचे हात हातात घेत होतो, आणि बांगडीबद्दल बांगडीवालीला विचारावं हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत कोणतीही बाई अडली की मी रजियाबीला बोलवत राहिलो. नव्या मुलांनाही ते शिकवलं. लोक म्हणायचे, पिलास्तरभाऊंना माणसांचं मन कळतं.

पार्बता दरवर्षी तलावाचं पाणी उतरलं की वाळलेल्या झिंग्यांची पिशवी पाठवायची. कधी स्वतः आणून द्यायची. “तुमच्यामुळं,” एवढंच म्हणायची. बायको हौसेनं झिंगे करायची आणि मी जेवताना पित्ताचं निमित्त सांगायचो. बायकोनं माझ्या पित्तावर किती काढे केले, त्याला गणती नाही.

निवृत्त झालो. पहिले काही महिने झोपा काढल्या, मग झोप येईना. एक दिवस बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मले काऊन सांगता? जिले सांगायचं तिले सांगा.” दुसऱ्या दिवशी मी सिंदेवाहीच्या बसमध्ये बसलो.

घर तलावाच्या पाळीलगत, म्हणजे बांधालगत होतं. ओसरीवर मारोती जाळं विणत बसला होता. पार्बता शेजारी बसून त्याला सांगत होती, “जाळ्याचा तो घर मोठा झाला, उकला.” त्यानं निमूटपणे गाठ उकलली. मला पाहून दोघं उठले. मारोतीनं खाट टाकली, पाणी आणलं, आणि दूध आणायला म्हणून गावात गेला. माझ्यासाठी काळा चहा करायला तो तयारच नव्हता.

मी तिला सांगितलं. प्लास्टर मनगटापर्यंतच होतं ते, कागदावर खोटं लिहिलं ते, डॉक्टरांसमोर गप्प राहिलो ते. मान वर न करता बोललो.

“मले मालूम हाय,” ती म्हणाली. “नागपूरले बाजूच्या खाटेवर एका पोरीचा अंगठा बांधला होता. कोपरापर्यंत होतं तिचं. तवाच समजलं.”

“मंग डॉक्टरसमोर काऊन म्हनली तू का म्या कापलं म्हून?”

“तुमचा चेहरा पाह्यला. तुमी माह्यासाठी केलं होतं ना ते?”

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मी सगळं सांगायचं ठरवून आलो होतो, म्हणून रजियाबीचंही सांगितलं. बांगडीवालीच्या हातून निघाली तर फुटली म्हणत नाहीत, आणि ती फाटकासमोरच होती, त्या दिवशीही होती.

पार्बताचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलला. तिनं डाव्या हातानं उजव्या अंगठ्याचं बूड धरलं.

“आमच्या गावाले येते ते चुडीवाली,” ती हळू म्हणाली. “तिच्या हातून फुटते त आमी बी काई म्हनत नाई. माह्या बी ध्यानात नाई आलं.” आणि मग, “हे याईले नोका सांगू.”

“काऊन?”

“याईले वाटते, म्या माहा अंगठा याईच्यासाठी देल्ला. म्हून हे जाळं विनतात, मासे कापतात, पीठ मळतात. गावातले मानसं हासतात, त हे म्हनतात हासू द्या. आता तुमी म्हनान का बांगड्या उतरवल्या असत्या तरी चाललं असतं. मंग माहा अंगठा कशापाई गेला, भाऊ? खाली-फुकट?”

मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं.

“तुमाले हलकं वाटावं म्हून आले तुमी,” ती म्हणाली. रागानं नाही. “माह्याजवळ बोलले, झालं. पन ते वझं माह्या घरात नोका ठेवून जाऊ.”

पाळीवरून मारोती येताना दिसला. ती उठून चुलीकडे गेली. चहा त्यानंच केला, कपात ओतून मला दिला, तिला दिला, आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं तिच्याकडे एकदा पाहून मला आवाज खाली करून विचारलं, “भाऊ, आता त नवेनवे इलाज निंगून राह्यले. हिचा अंगठा आता नीट होईन का?”

“नाही,” मी म्हणालो. “आता उशीर झाला. तेव्हाच झालं असतं.”

तो मान खाली घालून बसला. जमिनीवरचा एक धागा त्यानं उचलला आणि बोटाला गुंडाळत राहिला.

“तवा त मीच आडवा होतो,” तो म्हणाला. “हिच्या हाताकडं कोन पाहीन? माह्याच्यानं झालं ते.”

चुलीपाशी पार्बताचे हात थांबले. ती माझ्याकडे पाहत होती. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि काही बोललो नाही.